दुसऱ्यांदा टेकवलेला बिल्ला

हाताला बँडेज बांधलेल्या माणसाला मी बारा जणांसमोर खोटारडा म्हटलं होतं. ओरडून म्हटलं होतं. एक तर पॉवर प्रेस चालू असताना तिथं हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे मला हळू बोलता येतच नाही. आई म्हणायची, ही पोरगी दार लावत नाही, दाराला मारते. परळहून भाईंदरला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बाथरूमच्या दाराची बिजागरी तोडली होती. तर असा माझा स्वभाव, आणि काम असं की त्यात रागाला जागा नाही.

काम काय ते सांगते. मशिनच्या डब्यात एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्याच्या सगळ्यात खालच्या थरात, जिथं लोखंडाला हुकूम मिळतात, तिथला कोड मी लिहिते. ह्या थरात जागोजाग एक मोजणी चालू असते. एखादी गोष्ट कोणी वापरायला घेतली की अधिक एक. वापरून झाली की उणे एक. शून्य झालं म्हणजे आता कोणी वापरत नाही, खुशाल सोडून द्या. बस, एवढंच. पण एखादं उणे एक करायचं राहून गेलं, तर ती गोष्ट कायमची अडकून बसते. आणि एखादं उणे एक जास्तीचं झालं, तर कोणीतरी वापरत असतानाच ती सोडून दिली जाते. बावीस वर्षं मी ह्याच दोन चुका शोधतेय आणि दुरुस्त करतेय.

भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगपासून चालत पंधरा मिनिटांवर इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिथल्या एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं बनतात. सहा पॉवर प्रेस. खाली डाय म्हणजे साचा, वर रॅम म्हणजे लोखंडाचा ठोकळा, मध्ये पत्रा. समोर पायाशी पेडल. पेडल दाबलं की रॅम धाडकन खाली येतो आणि पत्र्याचं झाकण होतं. डाय बदलायला मात्र फिटरला मागच्या जाळीच्या दरवाज्यातून आत हात घालावा लागतो, आणि समोर पेडलपाशी उभ्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून गाळ्याच्या मालकानं, शेठनं, माझ्याकडून सहाही मशिनना कंट्रोलर बनवून घेतले. प्रत्येक कामगाराच्या गळ्यात प्लॅस्टिकचा गोल बिल्ला. आत जाताना बिल्ला दरवाज्याजवळच्या रीडरला टेकवायचा, मोजणी अधिक एक, समोरचा दिवा लाल, पेडल मेलेलं. काम झालं की बाहेर पडायच्या वेगळ्या रीडरला टेकवायचा, उणे एक. मोजणी शून्य, दिवा हिरवा, पेडल जिवंत.

त्या गाळ्यात एक पद्धत होती. दसऱ्याला प्रत्येक प्रेसखाली एकेक कोहळा ठेवायचा, वर मूठभर कुंकू टाकायचं आणि पेडल दाबायचं. कोहळा फुटून लाल पाणी पार भिंतीपर्यंत उडायचं. मशिनला वर्षातून एकदा द्यायचं, म्हणजे मग ते मागत नाही, असं फिटर मला सांगायचा. मी हसायचे. म्हणायचे, दादा, मशिन मागत नाही, मशिन मोजतं.

फिटर पश्चिमेकडच्या मोरवा गावचा. पन्नाशीचा, काटक, बोलायला कमी. घरचा धंदा मासेमारीचा, पण हा पोरवयातच लोखंडाकडे आला. इस्टेटमधले लोक म्हणायचे, ह्याला डोळे बांधून उभं केलं तरी डाय केसभर हलू देणार नाही. तीस वर्षांत हाताला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि प्रेसच्या धंद्यात दहाही बोटं शाबूत असलेला फिटर शोधून सापडत नाही.

दिवाळीनंतर मशिन अडकायला लागलं. आत कोणी नाही, तरी दिवा लाल आणि पेडल दाबलं जाईना. शेठचे फोनवर फोन. ‘‘मॅडम, आपका कम्प्युटर है के भूत है? खाली मशीन में किसको गिनता है?’’ मी तणतणत गेले. लॉग, म्हणजे मशिन स्वतः ठेवतं ती नोंद, बघितला आणि तासाभरात चूक सापडली. बिल्ला तेलकट असला की रीडर तो अर्धवट वाचायचा. बिल्ल्याचा नंबर मिळाला की मोजणी आधी एकनं वाढायची, मग नाव वाचताना गडबड व्हायची आणि कोड चुकीच्या वाटेनं बाहेर पडायचा. बाहेर पडताना वाढवलेला एक परत कमी करायचा, ते मी विसरले होते. दोन वर्षं ती चूक तिथं दबा धरून होती. तिथंच उभ्या उभ्या, शेठच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी ती दुरुस्त केली. सगळ्या गडबडींना बाहेर पडायला कोडमध्ये एकच सामाईक जागा होती. तिथं मी उणे एकची एक ओळ टाकली. एक ओळ! मुद्दाम बिल्ल्याला तेल लावून वीस वेळा तपासलं. मशिन अडकलं नाही. संध्याकाळी सात वाजता सहाही मशिनमध्ये नवा कोड टाकला, शेठचा चहा प्यायले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शेठचा फोन आला. तो बोलत नव्हता, नुसता किंचाळत होता.

मी पोचले तेव्हा फिटरला रिक्षात घालून नेलं होतं. तिसऱ्या नंबरच्या प्रेसपाशी कोणी जात नव्हतं. रॅम खालीच होता. पेडलवर त्या दिवशी शेठ स्वतः उभा होता, माणूस कमी होता म्हणून. हिरवा दिवा बघून त्यानं पाय दिला होता. मी मशिन बंद केलं, जॅकनं रॅम वर घेतला आणि बघितलं. बघायला नको होतं. पत्र्याचं झाकण व्यवस्थित बनलं होतं, गोल, कडा वळलेली, आणि कडेच्या आत फिटरची चार बोटं चेपली गेली होती. एकात चांदीची अंगठी होती, ती पत्र्यात अशी रुतली होती की वेगळी करता येईना. रक्त पेडलपर्यंत वाहत आलं होतं. शेठ कोपऱ्यात बसून ओकत होता. मीही ओकले. मग तोंड धुऊन लॉग काढला, कारण मला तेवढंच येतं.

लॉगमध्ये कोणता रीडर ते येत नव्हतं, नुसता बिल्ला आणि मोजणी. सरळ लिहिलं होतं. नऊ सत्तावीस, फिटरचा बिल्ला, मोजणी एक. लगेच पुढच्या क्षणाला, फिटरचा बिल्ला, मोजणी शून्य. त्यानंतर अकरा सेकंदांनी पेडल. म्हणजे माणूस आत गेला, त्यानं बिल्ला लावून बाहेर पडल्याची नोंद केली, आणि परत बिल्ला न लावता हात आत घातला. घाई केली. शेठनं मला हे तीन-तीनदा विचारलं. ‘‘पक्का ना मॅडम? मेरे पाँव की गलती नहीं ना?’’ मी म्हटलं, पक्कं. कागदावर लिहून सही करून दिली. शेठ त्या कागदाला धरून रडला.

फिटर बारा दिवसांनी गाळ्यात आला. उजव्या हाताचं बँडेज कोपरापर्यंत. पैसे मागायला आला नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की कागदावरचं ते वाक्य खोडा. इस्टेटभर बोंब झाली होती की फिटर बिल्ला चुकवून हात घालतो, आणि असल्या माणसाला कोणी मशिनला हात लावू देत नाही.

‘‘मी भायेर आल्याचा बिल्ला लावलाच न्हाय,’’ तो म्हणाला. ‘‘आत गेलो तो आतच व्हतो.’’

माझं डोकंच फिरलं. आदल्या बारा रात्री मला झोप नव्हती. डोळे मिटले की ते झाकण दिसायचं. आणि हा माणूस माझ्या मोजणीवर खोटेपणाचा आरोप करतोय! मी ओरडले, ‘‘मशिनला काय तुमच्याशी दुश्मनी आहे का हो? चूक तुमची आणि नाव माझ्या कोडचं? खोटारडे आहात तुम्ही, धडधडीत खोटारडे!’’

त्यानं डाव्या हातानं टेबलावरचा चहाचा ग्लास उचलला आणि मला फेकून मारला. ग्लास भुवईवर फुटला. डोळ्यात रक्त उतरलं. मी हाताला आला तो पाना उचलून त्याच्यावर धावले. हो, धावले, बँडेज बांधलेल्या माणसावर पाना घेऊन धावले. दोघांनी मला धरलं, चौघांनी त्याला धरलं. त्याचा हात कशाला तरी आपटला आणि बँडेज लाल झालं, तरी तो ओरडला नाही. भुवईला तीन टाके पडले. अजून तिथं केस उगवत नाहीत.

पुढच्या आठवड्यात शेठ एक कागद घेऊन माझ्याकडे आला. ‘चूक माझी होती’ असं फिटरच्या नावानं लिहिलेलं. सही करायचा हात तर गेलाच होता, अंगठा तेवढा उरला होता, तो उठवून आणायचा. ‘‘मुझे देखेगा तो मारेगा, मॅडम. आप समझाओ, आप लेडीज हो.’’ माझ्या भुवईला टाके असताना हा मला हे सांगत होता. पण मी गेले. मला तो अंगठा हवा होता, माझी मोजणी बरोबर आहे ह्याचा पुरावा म्हणून. स्टेशनच्या पुलावरून पश्चिमेला उतरले आणि रिक्षा करून मोरव्याला पोचले.

फिटर ओट्यावर बसला होता. त्याच्या बायकोनं मला बघितलं आणि आत जाऊन कोयता घेऊनच बाहेर आली. ‘‘हीच का ती? हिला सांग जा म्हनून, न्हायतर हिचं पन चार बोटां काढतंय.’’ ती खरंच पुढे आली. फिटर म्हणाला, ‘‘ऱ्हाऊ दे गो.’’ ती थांबली, पण कोयता खाली ठेवला नाही.

मी कागद पुढे केला. त्यानं तो वाचला, घडी घातली आणि मांडीखाली ठेवला. म्हणाला, ‘‘तू शिकलेली हाय. मी तुला दाखवतंय मी काय केलां त्या सकाळी. मंग तूच सांग मी कवा भायेर आलो.’’

बिल्ला अजून त्याच्या गळ्यातच होता. दोरीवर काळं पडलेलं रक्त. त्यानं उठून भिंतीवरच्या विजेच्या मीटरसमोर उभं राहून, डाव्या हातानं बिल्ला मीटरला टेकवला. मग कपाळाला लावला. मग परत मीटरला टेकवला.

मी म्हटलं, ‘‘परत करा.’’

त्यानं परत केलं. मीटरला, कपाळाला, मीटरला.

‘‘हे असं दोनदा का?’’

तो माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागला. ‘‘पाया पडायला नको? माझा बापूस होडीत चढताना नालेला, म्हंजे होडीच्या फुडच्या टोकाला हात लावायचा, कपाळाला लावायचा, परत नालेला लावायचा. तिच्याकडून घ्यायचां, तिला परत द्यायचां. दिसाच्या पयल्या टायमाला मी रोज करतंय. दोन वर्सां करतंय तुझ्या त्या डब्याला.’’

दोन वर्षं तो दुसऱ्यांदा बिल्ला टेकवत होता आणि दोन वर्षं माझा कोड त्याला सांगत होता, हा माणूस आधीच आत आहे, हा घेणार नाही. एक बारीकशी पीप वाजायची, एवढंच. नुसता नंबर बघून, मोजणी वाढायच्या आधीच तो नकार यायचा, त्यामुळे कमी करायलाही काही नसायचं. पण नकार हीही एक गडबडच. तीही त्याच सामाईक जागेतून बाहेर पडायची. आणि त्या संध्याकाळी मी तिथं उणे एक टाकलं होतं, सगळ्यांसाठी, एका ओळीत. पहिल्या टेकवण्यानं तो आत गेला. दुसऱ्या टेकवण्यानं, पाया पडताना, मी त्याला बाहेर काढलं. तेल लावून वीस वेळा तपासलं मी. दोनदा टेकवून एकदाही नाही. देवाला नमस्कार करताना माणूस काय करतो हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? मीही करते. गणपतीसमोर असंच करते.

मी त्याला तिथंच सगळं सांगितलं. रडत सांगितलं, नाक गळत होतं. बायकोला अर्धं कळलं नाही, पण ‘चूक माझी’ एवढं कळलं. तिनं येऊन माझ्या कानाखाली अशी वाजवली की टाक्यांतून रक्त आलं. मी गाल धरला नाही. मार खायलाच हवा होता.

मांडीखालचा कागद मी मागून घेतला आणि तडक निघाले. रिक्षात एकच गोष्ट डोक्यात होती, सहाही मशिन आत्ता, ह्या क्षणी त्याच कोडवर चालू आहेत.

गाळ्यात शिरले ती सरळ मेन स्विचकडे गेले आणि खाडकन खाली ओढला. सहा प्रेस थांबल्या. शेठ धावत आला, ‘‘पागल हो गई क्या?’’ मी सांगितलं. त्याला ऐकायचं नव्हतं. कागदावर माझी सही होती, त्याचा पाय निर्दोष होता, आता मी ते निर्दोषपण परत मागत होते. त्यानं मला ढकललं. मी स्विचवरून हात काढला नाही. तो माझी बोटं एकेक करून उचकटायला लागला. मी त्याच्या मनगटाला चावले. देवाशपथ चावले. म्हटलं, ‘‘शेठ, एकदा बघ. एकदा. मग मला मार.’’

नाक्यावरच्या भाजीवाल्याकडून कोहळा आणवला. दसरा होऊन महिना उलटला होता. तिसऱ्या नंबरच्या प्रेसखाली कोहळा ठेवला आणि वीज परत चालू केली. कुंकू नाही, काही नाही. मागच्या दरवाज्याशी जाऊन मी माझ्याकडचा तपासणीचा बिल्ला टेकवला. दिवा लाल. कपाळाला लावला. परत टेकवला. पुढून सगळ्यांनी एकदम श्वास घेतलेला मला मागे ऐकू आला. दिवा हिरवा झाला होता.

‘‘शेठ, पेडल.’’

त्यानं पाय दिला. कोहळा त्याच्या अंगावर, तोंडावर, चष्म्यावर उडाला. तो तसाच उभा राहिला. मग खाली बसून स्वतःच्या उजव्या पायावर बुक्क्या मारायला लागला, ‘‘मैंने मारा, मैंने ही मारा उसको.’’ मी म्हटलं, ‘‘नाही शेठ. मी.’’ त्याच्या टेबलातून माझ्या सहीचा कागद काढला, अंगठ्याच्या कागदासकट त्याच्यासमोर फाडला आणि दुसरा लिहिला. चूक कोडची, कोड माझा, फिटर पूर्ण वेळ आत होता. बारा जणांना ओरडून वाचून दाखवला आणि एक प्रत गाळ्याच्या दारावर डकवली.

कोड दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. बाहेर पडायच्या वाटा वेगळ्या केल्या, ज्यानं वाढवलं त्यानंच कमी करायचं. तपासायला तीन आठवडे घेतले. तोपर्यंत एकही प्रेस चालू दिली नाही.

चालू करायच्या दिवशी मागच्या दरवाज्यातून आत जायला कोणी तयार होईना. फिटरला मी बोलावलं होतं. तो आला. हाताला आता बँडेज नव्हतं, नुसता तळवा आणि अंगठा. तो म्हणाला, ‘‘जिनं लिवलंय तिनं हात घालावा. पेडल मी दाबतंय.’’

मी बिल्ला टेकवला, कपाळाला लावला, परत टेकवला. उजवा हात कोपरापर्यंत रॅमखाली घातला. डाय थंड होती. समोर त्यानं पेडलवर पाय मारला. तो तपासत नव्हता. मशिनच्या कडेनं मान काढून बघितलं तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं, दात आवळलेले. तो पाय आपटत होता, परत परत, अंगातला सगळा जोर लावून. खाली यावा म्हणून आपटत होता. मला ते कळलं आणि मी हात काढला नाही. रॅम हलला नाही. शेवटी दम लागून तो थांबला.

मग तो मागे आला. मला बाहेर पडल्याचा बिल्ला टेकवायला लावून बाजूला केलं. डाव्या हातानं बिल्ला टेकवला, कपाळाला लावला, टेकवला, आणि तोच हात, उरलेला हात, रॅमखाली घातला.

‘‘आता तू दाब,’’ तो म्हणाला.

मी समोर गेले. दिवा लाल होता. माझी प्रत्येक ओळ मला पाठ होती. पेडलपासून वीतभर अंतरावर माझा पाय होता आणि तो उचलेना. सगळे बघत होते. ‘‘दाब,’’ तो आतून म्हणाला. मी म्हटलं, ‘‘नाही जमत हो, दादा.’’

मग त्यानं आत असतानाच पाना मागितला आणि डाव्या हातानं डायचे बोल्ट आवळायला घेतले. पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी पेडलच्या पुढ्यात पाठ करून उभी राहिले आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही, शेठलासुद्धा नाही. दिवा लालच होता.